पस्तीस लाखांचा देश, अब्जावधींची खाण

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये, देशाचा शेअर बाजार ज्या इमारतीत सुरू झाला, ते मुळात लहान मुलांचं चित्रपटगृह होतं. जानेवारी १९९१ मध्ये सरकारने ते बाजाराच्या ताब्यात दिलं आणि प्रमुखपदी नेमला विशीतला एक तरुण अर्थतज्ज्ञ, झोलजर्गल. शेअर म्हणजे काय हे देशात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तरीही सरकारने प्रत्येक नागरिकाला, अगदी तान्ह्या मुलालाही, दहा हजार तुगरिग किमतीची कूपनं वाटायचं ठरवलं. गुलाबी कूपनांवर दुकानं, ट्रक आणि गुरंढोरं घ्यायची, निळ्या कूपनावर मोठ्या सरकारी कारखान्यांचे शेअर. गोबीच्या वाळवंटात उंट राखणारा पशुपालक एका सकाळी कापड गिरणीचा भागधारक झाला.

घाई करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९२१ नंतर जवळजवळ सत्तर वर्षं हा देश सोव्हिएत संघाच्या आधाराने चालला होता. १९८० च्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के इतकी मदत मॉस्कोहून येत असे. त्यात पेट्रोल, यंत्रांचे सुटे भाग आणि तंत्रज्ञांचे पगारही आले. १९९० च्या हिवाळ्यात उलानबातरच्या चौकात तरुणांनी उपोषणं केली, जुलैत पहिल्या बहुपक्षीय निवडणुका झाल्या आणि पुढच्या वर्षी खुद्द सोव्हिएत संघच उरला नाही. पैसा थांबला. पिठापासून साबणापर्यंत सगळ्याला रेशन लागलं आणि १९९२ मध्ये महागाईचा दर तीनशे टक्क्यांच्या पुढे गेला.

अशा देशात परदेशी कंपनीने काय म्हणून जावं? क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट, लोकसंख्या आज जेमतेम पस्तीस लाख, म्हणजे सगळा देश मिळून एका पुणे शहराएवढी माणसं. समुद्रकिनारा नाही. शेजारी दोनच: उत्तरेला रशिया, दक्षिणेला चीन. हिवाळ्यात पारा उणे तीस-चाळीसपर्यंत उतरतो. आणि तरीही गेल्या तीस वर्षांत जपानी, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, कोरियन, चिनी आणि थोड्याफार भारतीय कंपन्या इथे आल्या. काहींनी भरपूर कमावलं, काहींनी लवादाची दारं ठोठावली आणि काही पहिल्याच हिवाळ्यानंतर परतल्या.

त्यांचे हिशेब शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. देशाची अर्थव्यवस्था लहान असल्यामुळेच संधी मिळते आणि जोखीमही त्यातूनच उपजते. स्पर्धक मोजकेच असल्याने लवकर आलेल्याला मोकळं मैदान मिळतं. पण एकच प्रकल्प देशाच्या अर्थव्यवस्थेच्या निम्म्याएवढा झाला की तो नुसता धंदा राहत नाही, तो निवडणुकीचा मुद्दा होतो.

पहिली गिऱ्हाइकं

खाणींची गोष्ट मोठी आहे, पण तिच्या आधी एका बँकेची सांगायला हवी.

जुन्या राजवटीतल्या सरकारी बँकेचे तुकडे करून १९९१ मध्ये कृषी बँक निघाली. गावोगावी शाखा होत्या, पण तिजोरी रिकामी होती. थकलेली कर्जं आणि राजकारण्यांच्या चिठ्ठ्या यांनी १९९० च्या दशकाअखेर ती बुडायला आली. आंतरराष्ट्रीय संस्था म्हणत होत्या, बंद करा. सरकारला ते परवडणारं नव्हतं, कारण गवताळ प्रदेशातल्या कित्येक तालुक्यांत, ज्यांना तिथे सोम म्हणतात, दुसरी बँकच नव्हती. निवृत्तिवेतन वाटायचं कुणी?

२००० मध्ये अमेरिकी मदतीतून एक व्यवस्थापन कंपनी नेमण्यात आली. तिने शाखा बंद केल्या नाहीत, उलट वाढवल्या. निवृत्तिवेतनाच्या भरवशावर वृद्धांना आगाऊ कर्ज द्यायला सुरुवात केली. पशुपालकाला त्याच्या कळपाकडे बघून कर्ज मिळू लागलं. शेळ्यांची लोकर वसंतात विकली जाते, म्हणून हप्ता वसंतात. परतफेड उत्तम निघाली. २००३ मध्ये सरकारने बँक लिलावात काढली, तेव्हा एका जपानी रोखे कंपनीने ती सुमारे ६८ लाख ५० हजार डॉलरना घेतली. पुढे खान बँक नावाने ती देशातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक झाली. एवढ्या किमतीत टोकियोत एखादी बरी इमारतही मिळाली नसती.

मोबाइल फोनचंही तसंच झालं. १९९० च्या दशकाच्या मध्यात केडीडी (आताची केडीडीआय) आणि सुमितोमो या जपानी कंपन्यांनी स्थानिक भागीदाराबरोबर मोबिकॉम काढली. तारांचं जाळं जिथे कधी पोहोचणारच नव्हतं अशा देशात मनोरे उभे राहिले. जिथे शेजाऱ्याचा तंबू दहा किलोमीटरवर असतो, तिथे फोनची गरज कुणाला समजावून सांगावी लागली नाही. आजही गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, छपरावर सौरपट्टी, बाजूला टीव्हीची तबकडी आणि खिशात मोबाइल हे चित्र सर्रास दिसतं.

नंतरच्या काळात दक्षिण कोरियाच्या कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला. ईमार्ट हे मोठं दुकान २०१६ मध्ये उलानबातरमध्ये उघडलं. सीयू ही छोट्या दुकानांची साखळी २०१८ मध्ये आली, मग जीएस२५. आज राजधानीच्या चौकाचौकांत कोरियन नूडल्स आणि किंबाप मिळतात. मात्र या दुकानांत गुंतलेला पैसा बहुतांशी मंगोलियन उद्योगसमूहांचा आहे. कोरियन कंपनी नाव, मालाची साखळी आणि पद्धत देते, त्याबदली मानधन घेते. धंदा बसला तरी तिचं नुकसान मर्यादित राहतं. देशातली निम्मी माणसं एकाच शहरात राहतात, त्यामुळे एक गोदाम आणि काही ट्रक एवढ्यावर सगळी बाजारपेठ सांभाळता येते.

या सगळ्या उद्योगांत एक साम्य होतं. ग्राहक मंगोलियन, भागीदार मंगोलियन, रक्कम देशाला झेपेल एवढी. संसदेत त्यांच्यावरून कुणी खुर्च्या फेकल्या नाहीत.

खडकात दडलेलं तांबं

चीनच्या सीमेपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, दक्षिण गोबीतल्या खानबोग्द तालुक्यात ओयु तोल्गोई नावाची टेकडी आहे. तिथे तांबं आहे याचा सुगावा फार जुना. १९९० च्या दशकात बीएचपी या बलाढ्य खाण कंपनीने काही भोकं पाडून पाहिली, खर्चाच्या मानाने हाती काही लागेना, तेव्हा नाद सोडला. २००० मध्ये हे हक्क आयव्हनहो माइन्स या कॅनेडियन कंपनीकडे आले. तिचा प्रवर्तक रॉबर्ट फ्रीडलंड हा भांडवल गोळा करण्यात वाकबगार. पुढच्याच वर्षी खोल घेतलेल्या एका बोअरमध्ये तांबं आणि सोनं यांचा जाड थर लागला. जगातल्या सर्वांत मोठ्या न खोदलेल्या साठ्यांपैकी हा एक निघाला.

मग फ्रीडलंडची जीभ घसरली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांसमोर बोलताना त्याने या खाणीची तुलना टी-शर्टच्या धंद्याशी केली: पाच डॉलरला शिवायचा आणि शंभराला विकायचा. शिवाय आसपास वस्ती नाही, त्यामुळे अडवणारं कुणी नाही, असंही सुचवलं. श्रोते खूश झाले. भाषण उलानबातरला पोहोचलं तेव्हा लोक भडकले. आपल्या जमिनीतल्या वस्तूवर नव्वद-पंचाण्णव डॉलर दुसराच घेऊन जाणार, हा हिशेब समजायला अर्थशास्त्र शिकायची गरज नव्हती.

२००६ च्या मे महिन्यात खुरालने, म्हणजे तिथल्या संसदेने, जवळजवळ चर्चेविना एक कर मंजूर केला. तांब्याचा भाव टनाला २६०० डॉलरच्या वर गेला, किंवा सोन्याचा औंसाला ५०० डॉलरच्या वर, की वरच्या नफ्यातले ६८ टक्के सरकारचे. त्या वेळी दोन्ही धातूंचे भाव या रेषेच्या कितीतरी पुढे गेले होते. जगातल्या सर्वांत जड खाणकरांत त्याची गणना झाली. सोन्याचा परिणाम लगेच दिसला: मध्यवर्ती बँकेकडे अधिकृतपणे येणारं सोनं घटलं आणि चोरट्या वाटांनी सीमेपार जाणारं वाढलं.

ओयु तोल्गोईचा करार त्यामुळे रखडला. रिओ टिंटो ही ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन कंपनी २००६ मध्येच आयव्हनहोत भागीदार म्हणून शिरली होती. तिची अट स्पष्ट होती: आधी कर हटवा, मग पैसा घालू. ऑक्टोबर २००९ मध्ये करार झाला. सरकारला ३४ टक्के हिस्सा, उरलेला ६६ टक्के कंपनीला. ६८ टक्क्यांचा कर २०११ पासून रद्द. पहिल्या टप्प्याचा खर्च सहा अब्ज डॉलरच्या पुढे गेला. २०१२ मध्ये देशाचं संपूर्ण वार्षिक उत्पन्न बारा अब्ज डॉलरच्या आसपास होतं, हे ध्यानात घेतलं की आकडा किती मोठा ते कळतं.

करारात एक गोम होती. सरकारकडे ३४ टक्क्यांचे पैसे नव्हते. तेव्हा कंपनीनेच ते सरकारला व्याजाने दिले. लाभांश सुरू झाला की त्यातून वळते करून घ्यायचे. कागदावर सरकार मालक, प्रत्यक्षात कर्जदार. खर्च वाढला तसं कर्ज वाढलं, आणि कर्ज फिटेपर्यंत लाभांश हाती येणार नव्हता.

पाण्यासारखा आलेला पैसा

२०११ हे वर्ष मंगोलियाचं होतं. अर्थव्यवस्था १७ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. त्या आणि पुढच्या वर्षी मिळून आठ अब्ज डॉलरहून जास्त परकीय गुंतवणूक आली. उलानबातरमध्ये निळ्या काचेची हॉटेलं, चकचकीत दुकानं आणि जुन्या लाकडी कुंपणांच्या वस्त्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. परदेशी बँकर या देशाला 'माइनगोलिया' म्हणू लागले.

आणि नेमकं तेव्हाच सरकारने ब्रेक दाबला. एप्रिल २०१२ मध्ये चाल्को या चिनी सरकारी ॲल्युमिनियम कंपनीने दक्षिण गोबीतल्या कोळशाच्या साउथगोबी रिसोर्सेस कंपनीत बहुमताचा हिस्सा घ्यायची घोषणा केली. विकणारी होती आयव्हनहो. कोळशाचं गिऱ्हाइक चीन, वाहतूक चीनमधून, आता खाणही चिनी सरकारची? निवडणूक दोन महिन्यांवर होती. मंगोलियन मनात चीनविषयीची धास्ती शतकानुशतकांची आहे. सतराव्या शतकाअखेरीपासून १९११ पर्यंत हा प्रदेश बीजिंगच्या छिंग सम्राटांच्या अमलाखाली होता.

मे महिन्यात घाईघाईने नवा कायदा आला. खनिजं, बँका आणि दूरसंचार-माध्यमं ही क्षेत्रं मोक्याची ठरवण्यात आली. त्यांत परदेशी माणसाला ४९ टक्क्यांच्या वर आणि ठराविक रकमेच्या पुढे जायचं असेल तर संसदेची परवानगी हवी. कंपनी परदेशी सरकारची असेल तर रक्कम कितीही असो, सरकारची मंजुरी हवी. चाल्कोने सप्टेंबरात माघार घेतली. बाण चीनवर सोडला होता, तो सगळ्यांनाच लागला. जर्मन असो वा जपानी, कुणालाच नेमकी आपली कंपनी या कायद्यात कुठे बसते ते सांगता येईना. वकिलांच्या फिया वाढल्या, गुंतवणूक आटली.

खाण कंपन्यांना भीती वाटण्याचं आणखी एक कारण समोर होतं. दोरनोद प्रांतातल्या युरेनियमच्या साठ्यावर काम करणाऱ्या खान रिसोर्सेस या छोट्या कॅनेडियन कंपनीचा परवाना २००९ मध्ये रद्द झाला होता. कंपनी आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. २०१५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, व्याज आणि खर्च धरून देणं सुमारे दहा कोटी डॉलर. शेवटी २०१६ मध्ये सात कोटींवर तडजोड झाली. कंपनीला पैसे मिळाले, खाण मात्र मिळाली नाही. देशाकडे खाण राहिली, पण पत गेली.

दरम्यान नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने चंगीझ खानाच्या नावाने दीड अब्ज डॉलरचे रोखे जागतिक बाजारात विकले होते. व्याज पाच टक्क्यांच्या आसपास. न्यूयॉर्क-लंडनच्या गुंतवणूकदारांनी उपलब्ध रोख्यांच्या कितीतरी पट मागणी नोंदवली. खाणीचं तांबं पुढच्या वर्षी निघेल आणि त्यातून सगळं फिटेल, असा हिशेब होता. ओयु तोल्गोईचं पहिलं तांबं जुलै २०१३ मध्ये निर्यात झालं खरं, पण तोवर जगात तांब्याचे आणि कोळशाचे भाव उतरू लागले होते.

एसएमएसवर मत

२०१३ च्या शरदात तो जाचक कायदा मागे घेऊन नवा गुंतवणूक कायदा करण्यात आला. त्यात परदेशी आणि देशी गुंतवणूकदारांना सारखीच वागणूक, खासगी कंपन्यांना वेगळी परवानगी नको आणि मोठ्या गुंतवणुकीला स्थैर्य प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र म्हणजे ठराविक वर्षांसाठी आयकर, मूल्यवर्धित कर, सीमाशुल्क आणि खनिजांवरचं स्वामित्वधन यांचे दर गोठवून ठेवण्याची हमी. परदेशी गुंतवणुकीची कंपनी ठरण्यासाठी किमान २५ टक्के हिस्सा आणि प्रत्येक परदेशी गुंतवणूकदारामागे किमान एक लाख डॉलर लागतात. जमीन मात्र परदेशी माणसाला विकत घेता येत नाही, वापरण्यापुरतीच मिळते.

कायदा चांगला होता, पण विश्वास परत यायला वेळ लागतो. २०१५ पर्यंत थेट गुंतवणुकीचा ओघ जवळजवळ सुकला. ओयु तोल्गोईचा खरा ऐवज जमिनीखाली, सव्वा किलोमीटरहून खोल होता. तिथवर जाण्याचं काम सरकार आणि रिओ टिंटो यांच्यातल्या वादामुळे २०१३ पासून बंद पडलं होतं. मग पंतप्रधान सैखानबिलेग यांनी २०१५ च्या जानेवारीअखेर एक अनोखा प्रयोग केला. दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी लोकांना विचारलं, मोठे प्रकल्प पुढे न्यायचे की काटकसरीने दिवस काढायचे? उत्तर मोबाइलवरून एसएमएसने पाठवा. ५६ टक्के संदेश मोठ्या प्रकल्पांच्या बाजूने आले. मतांचा कौल बंधनकारक नव्हता आणि मतं देणाऱ्यांची संख्याही मर्यादित होती. तरी त्या आधारावर मे २०१५ मध्ये दुबईत भूमिगत खाणीचा नवा करार झाला.

तोवर रोख्यांची मुदत जवळ येऊ लागली होती. २०१७ च्या सुरुवातीला सरकारी विकास बँकेच्या रोख्यांचे ५८ कोटी डॉलर फेडायचे होते आणि तिजोरीत खडखडाट. काही नागरिकांनी देशाला वाचवण्यासाठी स्वतःहून पैसे, दागिने, एवढंच काय घोडेसुद्धा देऊ केले. प्रत्यक्षात सुटका झाली ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने जमवलेल्या साडेपाच अब्ज डॉलरच्या मदतीने. त्यात जपान, दक्षिण कोरिया, आशियाई विकास बँक, जागतिक बँक आणि चीन असे सगळे होते.

सरकार आणि रिओ टिंटो यांची घासाघीस मात्र चालूच राहिली. भूमिगत कामाचा ५.३ अब्ज डॉलरचा अंदाज सात अब्जांवर गेला. २०२१ मध्ये सरकारने हिशेब मांडून दाखवला की या वेगाने २०५१ पर्यंत लाभांशाचा एक डॉलरही मिळणार नाही. अखेर जानेवारी २०२२ मध्ये तडजोड झाली: सरकारच्या नावावर चढलेलं २.४ अब्ज डॉलरचं कर्ज कंपनीने माफ केलं, आणि सरकारने भूमिगत खाणकामाला हिरवा कंदील दिला. मार्च २०२३ मध्ये भूमिगत उत्पादन सुरू झालं. पुढच्या दशकात ही खाण वर्षाला सरासरी पाच लाख टन तांबं देईल असा कंपनीचा अंदाज आहे, म्हणजे जगातल्या पहिल्या चार-पाच तांब्याच्या खाणींत तिची जागा.

२००१ च्या शोधापासून मोजलं तर यात दोन दशकांहून अधिक काळ गेला. एवढा काळ अब्जावधी डॉलर अडकवून बसण्याची ताकद जगात मोजक्याच कंपन्यांत असते.

वाट चीनमधूनच

खाण हाती आली तरी माल न्यायचा कुठून, हा प्रश्न सुटत नाही. मंगोलियाची ऐंशी-नव्वद टक्के निर्यात चीनला जाते. दक्षिण गोबीतला तवान तोल्गोई हा पोलाद भट्ट्यांना लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा प्रचंड साठा. तिथून सीमेवरच्या गशूनसुखाईतपर्यंतचं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत. पण रेल्वे नव्हती, त्यामुळे वर्षानुवर्षं हजारो ट्रकांच्या रांगा वाळूतून धूळ उडवत सीमेवर ताटकळत. रूळ रशियन रुंदीचे घालायचे, १५२० मिलिमीटर, की चिनी रुंदीचे, १४३५ मिलिमीटर, यावर संसदेत दशकभर वाद झाला. रशियन रूळ घातले तर सीमेवर माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो, चिनी घातले तर चिनी गाड्या थेट गोबीत शिरतील. तो ८५ मिलिमीटरचा फरक देशाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न झाला. २३३ किलोमीटरचा हा मार्ग २०२२ च्या सप्टेंबरात सुरू झाला.

हा धाक नुसता मनातला नव्हता. नोव्हेंबर २०१६ मध्ये दलाई लामा उलानबातरला येऊन गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत चीनने सीमेवरून जाणाऱ्या मालावर नवे आकार लावले आणि कर्जाची बोलणी स्थगित केली. ओयु तोल्गोईच्या तांब्याच्या ट्रकांनाही झळ बसली. मंगोलियाने तेव्हा भारताकडे आधार मागितला. वर्ष सरता सरता परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं की हे सरकार असेपर्यंत दलाई लामांचा दौरा होणार नाही.

याच धास्तीपोटी १९९० पासून मंगोलियाच्या परराष्ट्र धोरणात 'तिसरा शेजारी' ही कल्पना आहे. त्या वर्षी आलेले अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी ती मांडली असं मानतात. रशिया आणि चीन वगळून जे कुणी मैत्री करतील ते सगळे तिसरे शेजारी: जपान, अमेरिका, युरोपीय देश, दक्षिण कोरिया, भारत. व्यापाराच्या भाषेत ही एक खुली निविदाच होती. जपानने २०१६ मध्ये मंगोलियाशी आर्थिक भागीदारी करार लागू केला, मंगोलियाचा हा पहिलाच मुक्त व्यापार करार. उलानबातरबाहेरचा नवा चंगीझ खान विमानतळ जपानी कर्जातून, जपानी कंपन्यांनी बांधला. जुलै २०२१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा चालवण्याची जबाबदारीही जपानी कंपन्यांचं ५१ टक्के भांडवल असलेल्या संयुक्त कंपनीकडे गेली. युरोपीय पैशाचा मागही इथे दिसतो: राजधानीच्या दक्षिणेकडे २०१३ मध्ये उभं राहिलेलं साल्खित पवनऊर्जा केंद्र, ५० मेगावॅटचं, स्थानिक कंपनी, अमेरिकी जनरल इलेक्ट्रिक आणि युरोपीय विकास बँकांच्या भागीदारीतून आलं.

भारताचा सहभाग वेगळ्या वळणाचा आहे. समाजवादी गटाबाहेरच्या देशांत मंगोलियाशी राजनैतिक संबंध सर्वप्रथम जोडले ते भारताने, डिसेंबर १९५५ मध्ये. मे २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी उलानबातरला गेले आणि एक अब्ज डॉलरची कर्जमर्यादा जाहीर झाली. त्यातून गोबीतल्या सैनशंदजवळ मंगोलियाचा पहिला तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतोय. क्षमता वर्षाला १५ लाख टन. देशात कच्चं तेल निघतं, पण शुद्ध करायची सोय नसल्याने ते चीनला जातं आणि पेट्रोल-डिझेल जवळजवळ सगळं रशियातून येतं. रशियाकडून पुरवठा अडला की उलानबातरच्या पंपांवर रांगा लागतात. कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. कर्जमर्यादा नंतर १.७ अब्ज डॉलरपर्यंत वाढवली गेली. काम ठरल्यापेक्षा बरंच मागे आहे, आता २०२८ ची तारीख सांगितली जाते.

उलट दिशेने भारताला रस आहे तो कोकिंग कोळशात. आपल्या पोलाद उद्योगाला लागणारा हा कोळसा बहुतांशी आयात होतो, त्यातही ऑस्ट्रेलियातून. मंगोलियन कोळशाचा दर्जा चांगला आहे, खाणीवरचा भावही परवडतो. पण तो समुद्रावर आणायचा तर चीनच्या बंदरातून किंवा सैबेरिया ओलांडून रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरून. वाहतुकीचा खर्च धरला की हिशेब अवघड होतो.

शेळीच्या अंगावरची संपत्ती

खाणींच्या गदारोळात एक जुना धंदा मागे पडतो. जगातल्या कच्च्या काश्मिरी लोकरीपैकी सुमारे चाळीस टक्के मंगोलियात निघते. उणे चाळिसाच्या थंडीत शेळीच्या जाड केसांखाली वाढणारी मऊ लव वसंतात विंचरून काढतात. ही लोकर बहुतांशी धुतलेल्या कच्च्या रूपात चीनला जाते आणि तिथे तिचा स्वेटर होतो. उलानबातरची गोबी ही कंपनी जपानी मदतीने १९८१ मध्ये उभी राहिली आणि २००७ मध्ये खासगी झाली. सूत काढण्यापासून शिलाईपर्यंत सगळं देशात करणाऱ्या मोजक्या कंपन्यांत ती येते. मंगोलियन मालाला युरोपीय संघात बहुतेक वस्तूंवर जकात माफ आहे. म्हणजे देशातच विणलेला स्वेटर शुल्काविना मिलानला पोहोचतो.

परदेशी कंपनीला इथे जागा आहे. कताई-विणकामाची यंत्रं, रंगकाम, रचना, ब्रँड, सगळ्याची वानवा आहे. अडचण कच्च्या मालाच्या वेळेची. वसंतात चिनी व्यापारी रोख पैसे घेऊन गेरच्या दाराशी उभे राहतात, स्थानिक गिरण्यांना तेव्हा खेळतं भांडवल मिळत नाही. शिवाय शेळ्यांची संख्या वाढल्याने कुरणं उघडी पडली. शेळी गवत मुळासकट उपटते. त्यात द्झुद, म्हणजे कडाक्याचा हिवाळा, आला की जनावरं पटापट मरतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक जनावरं गेली.

नव्या करारांचा हंगाम

डिसेंबर २०२२ मध्ये उलानबातरच्या चौकात कडाक्याच्या थंडीत हजारो तरुण जमले. चीनला गेलेल्या कोळशाच्या हिशेबात मोठी चोरी झाल्याचा आरोप होता. त्या रागाचं लक्ष्य परदेशी कंपनी नव्हती, आपलेच अधिकारी आणि पुढारी होते. सरकारने खाणींचं उत्पन्न भावी पिढ्यांसाठी राखून ठेवणाऱ्या निधीचा कायदा एप्रिल २०२४ मध्ये केला.

जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या ओरानो कंपनीशी गोबीतल्या झूवच-ओवू युरेनियम खाणीचा करार झाला, एकूण गुंतवणूक सुमारे १.६ अब्ज डॉलर. आधीच्या अनुभवातून दोन्ही बाजू बरंच शिकल्या होत्या. सरकारने या वेळी हिस्सा घेऊन कर्जात अडकण्यापेक्षा स्वामित्वधनावर आणि कंपनीने द्यायच्या ठराविक रकमांवर भर दिला. खाण सुरू होताच पैसा यावा, लाभांशाची वाट बघावी लागू नये, हा हेतू.

पुढच्याच महिन्यात गशूनसुखाईत आणि पलीकडचं चिनी ठाणं गान्त्समोद यांना जोडणाऱ्या सीमापार रेल्वेचा करार चीनमध्ये झाला आणि मे महिन्यात काम सुरू झालं. १९५० च्या दशकात बीजिंग-उलानबातर-मॉस्को मार्ग झाल्यानंतर या दोन देशांमधली ही पहिलीच नवी रेल्वेजोडणी. त्यात कोळशाच्या दीर्घ मुदतीच्या विक्रीचा करारही होता, आणि विरोधकांनी नेमक्या त्यातल्या भावाच्या सूत्रावर बोट ठेवलं. रेल्वेचं काम सुरू होऊन महिनाही लोटला नव्हता, तोच पंतप्रधान ओयुन-एर्देने यांना चौकातल्या निदर्शनांनंतर संसदेत पुरेशी मतं मिळाली नाहीत आणि त्यांनी पद सोडलं. निदर्शनांची ठिणगी पडली होती ती त्यांच्या मुलाच्या होणाऱ्या बायकोच्या महागड्या वस्तूंच्या समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांमुळे.